पंच्याऐंशीच्या आत

पिवळं कार्ड पुढं आलं की छोटी वाटी, निळं आलं की मोठा वाडगा. तोयोमी मुरोईच्या डोक्याला आता एवढंच काम उरलं होतं. एकवीस वर्षं तिनं ओकिनामी पंप कारखान्याच्या खानावळीत माणसाचं तोंड बघून भात वाढला होता. कोण भट्टीजवळून भाजून आलाय, कोण नुसते कागद हलवून आलाय, कुणाचं बायकोशी फोनवर बिनसलंय आणि त्याला आज दोन घास जास्त लागणार, हे तिला रांगेत लांबूनच कळायचं. आता तोंडाकडं बघायचं नाही, कार्डाकडं बघायचं. भट्टीवरचा सहा फुटी माणूस पिवळं कार्ड धरून समोर उभा राहायचा आणि ती त्याच्या हातात लहान पोराला द्यावी तेवढी वाटी ठेवायची. तो मान खाली घालून पुढं सरकायचा. मान कशाला खाली घालतोस रे, चोरी केलीस का, असं तिच्या ओठांवर यायचं.

कार्डाचा रंग कंबरेवर ठरायचा. सरकारनं कायदाच केला होता. चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाच्या पोटाला बेंबीपाशी टेप लावायची. पुरुषाची कंबर पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची नव्वदच्या. आकडे सुधारले नाहीत तर कंपनीच्या विमा मंडळाला दंड. कार्डं मात्र सरकारची नव्हती, ती कारखान्याची स्वतःची अक्कल. दंडाचं नाव निघाल्यापासून कारखान्याच्या अंगात जे संचारलं होतं, ते काही विचारू नका. खानावळीच्या दाराशी भलामोठा तक्ता लागला, प्रत्येक विभागानं किती सेंटिमीटर कमी केले त्याचा. जो विभाग शेवटी, त्याच्या प्रमुखानं सकाळी सगळ्यांसमोर वाकून माफी मागायची. ओतकाम विभागाच्या प्रमुखानं तीस वर्षांत एकदाही उशीर केला नव्हता. त्याला सहा माणसांच्या पोटांसाठी तीनशे लोकांपुढं कमरेत वाकताना तोयोमीनं पाहिलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिची स्वतःची कंबर शहाण्णव. पिवळं कार्ड तिनं गळ्यात अडकवून ठेवायचं, एप्रनवर, सगळ्यांना दिसेल असं. खानावळीतली बाई म्हणजे कारखान्याचा चेहरा असते, असं प्रशासन विभागातल्या इशिदोनं तिला समजावलं होतं. इशिदो छत्तिशीचा, काटकुळा, कायम घाईत आणि कायम नम्र. तो अपमानसुद्धा इतक्या अदबीनं करायचा की माणूस आभार मानून मोकळा व्हायचा. भांडी झाली की तोयोमीनं कारखान्याच्या आवाराला तीन फेऱ्या मारायच्या, पावलं मोजायचं यंत्र कमरेला लावून, हेही त्यानंच ठरवलेलं. ती मारायची फेऱ्या. फेऱ्या मारता मारता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

आणि ह्या सगळ्या तमाशात एक माणूस निळं कार्ड घेऊन रोज पहिला यायचा, तो कुगा.

तपासणी विभागातला कुगा, एकोणपन्नास वर्षांचा. मागे ओकायामाला म्हातारी आई, बायको आणि शाळेतली मुलगी; बदली झाली तसा हा एकटाच आला, सगळे येतात तसा. तीन वर्षं झाली, कंपनीच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिन्ही जेवणं खानावळीत. म्हणजे ह्या गावात त्याच्याकडं रोज बघणारं माणूस एकच, तोयोमी. मागच्या वसंतात त्याची कंबर अठ्ठ्याऐंशी होती आणि हातात पिवळं कार्ड. तेव्हा तो वाटी घेताना कसनुसं हसायचा. शरदात ती ऐंशीवर आली. जानेवारीत एकाहत्तर. पट्ट्याला त्यानं दाभणानं नवी भोकं पाडली होती, आणि पट्ट्याचं लांब टोक मागे वळवून खोचलेलं असायचं.

"कुगासान, आम्हालाही सांगा की गुपित," रांगेतले लोक म्हणायचे. "खाताय ढीगभर आणि कंबर बघा, नव्या नवरीची."

"जिन्यानं जातो मी. लिफ्ट सोडली," कुगा म्हणायचा. त्याला स्वतःलाही ते खरं वाटत असावं. हसायचा तेव्हा त्याच्या गालांचं कातडं आत ओढलं जायचं.

तोयोमी बघत होती. मोठा वाडगा संपवून तो पुन्हा रांगेत यायचा. निळं कार्ड होतं, नियमात बसत होतं, ती वाढायची. टेबलावरची चहाची किटली तो एकटा संपवायचा. वर पाण्याचे पाच-सहा पेले. वर बाहेरच्या यंत्रातून गोड सरबताचे दोन डबे. जेवताना मध्येच उठून संडासाकडं जायचा, परत येऊन बसायचा, पुन्हा पाणी. तिचे वडील गिलावा करणारे गवंडी होते आणि ते असेच गेले. शेवटच्या वर्षी ते खात होते, पीत होते आणि वाळत होते. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची की ह्यांची भूक किती छान आहे. त्यांना साखरेनं खाल्लं. तोयोमी तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि वाळत जाणाऱ्या माणसाची ती भूक तिला परत ओळखायला कुठल्या टेपची गरज नव्हती.

ती इशिदोकडं गेली. एप्रन न काढता, हात ओलेच.

"इशिदोसान, त्या तपासणीतल्या कुगासानना डॉक्टरकडं पाठवा. त्यांना साखर झालीय."

"कुगासानना?" इशिदो चकित झाला. "अहो, ते आमचे पहिल्या नंबरचे. सतरा सेंटिमीटर. त्यांच्या एकट्याच्या जिवावर तपासणी विभाग वर आलाय."

"तेच सांगतेय मी. दुप्पट जेवून कुणी सतरा सेंटिमीटर उतरतं का?"

"शिस्त असली की उतरतं."

"शिस्त कसली, झिजतोय तो माणूस. त्याच्या तोंडाकडं बघा एकदा. पाणी किती पितो ते बघा."

"पाणी भरपूर प्यावं असं आमच्या पत्रकातच आहे," इशिदो म्हणाला. मग त्याची नजर हळूच खाली, तिच्या एप्रनच्या गाठीवर आली. "मुरोईसान, कृपा करून राग मानू नका. पण तब्येतीचा सल्ला शहाण्णवनं द्यावा का?"

शहाण्णवनं. नावसुद्धा नाही घेतलं मेल्यानं. तोयोमी काहीच बोलली नाही, आणि ह्याचा तिला पुढं कितीतरी दिवस स्वतःचाच संताप येत राहिला. लाज वाटली तिला त्या क्षणी. अंगावर कोट असता तर घट्ट ओढून घेतला असता. कुणाचा तरी जीव जातोय आणि आपण आपलं पोट झाकत बसलोय. त्या दुपारी तिनं पोतंभर मुळा चिरला. सुरीचा आवाज ऐकून भांडी घासणाऱ्या बाया तिच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं कुगालाच गाठलं. तो दुसरा वाडगा घ्यायला आला होता.

"डॉक्टरकडं जा," ती म्हणाली. "आजच्या आज."

"मावशी, माझं पाकीट पांढरं होतं," कुगा म्हणाला.

तपासणीचा निकाल पाकिटातून यायचा. कंबर जास्त, त्याला पिवळं पाकीट आणि सल्लागाराकडं सहा महिन्यांच्या खेपा. बाकीच्यांना पांढरं.

"पाकिटाला काय चाटायचंय? आत काय लिहिलंय?"

"आत फूल आहे." तो खुशीत आला. "इशिदोसान शिक्का मारतात ना, शाळेत बाई मारायच्या तसलं लाल फूल. मी मुलीला फोटो पाठवला त्याचा. ती म्हणाली, बाबा, पहिल्यांदा मिळालं ना तुम्हाला."

"कुगासान, रोज रात्री किती वेळा उठता?"

त्यानं मागच्या रांगेकडं पाहिलं. मग म्हणाला, "चार. पाच." मग घाईनं, "सोमवारी सकाळी सत्कार आहे. तो झाला की जातो. आत्ता रजा घेतली तर माझं काम दुसऱ्यावर पडेल. ओझं झाल्यासारखं होतं, मावशी."

"आणि मेलात तर? ते काम कुणावर पडेल?"

तो हसला. तिला वाटलं, ह्याच्या हातातला वाडगा हिसकावून घ्यावा. पण मागं चाळीस माणसं ताटकळत होती आणि कार्ड निळं होतं. तिनं भात वाढला. तिनं स्वतःच्या हातानं त्याला भात वाढला, हे ती पुढं कुणालाही सांगताना लपवायची नाही.

सोमवारी आवारातला बर्फ कडेला ओढून ढीग लावले होते. नेहमीप्रमाणं रेडिओवर व्यायाम झाला, तीनशे माणसांनी हात वर केले, खाली केले, उड्या मारल्या. तोयोमी खानावळीच्या दारात उभी होती. कुगाचे हात वर गेले ते डोक्यापर्यंत पोचलेच नाहीत. मग कारखान्याचे व्यवस्थापक, पांढऱ्या केसांचे तामानोई, लाकडी चौथऱ्यावर चढले आणि इशिदोनं नाव पुकारलं. कुगा पुढं झाला. तामानोईंनी प्रशस्तिपत्र वाचलं: आपण आपल्या कंबरेवर मिळवलेला विजय हा सर्व सहकाऱ्यांना आदर्श आहे, वगैरे. कुगानं दोन्ही हात पुढं करून ते घेतलं. आणि तो वाकला.

वाकला तो वाकलाच. डोकं गुडघ्यांपर्यंत, कागद दोन्ही हातांत समोर. तामानोई मान लववून उठले तर हा अजून वाकलेलाच. तेव्हा म्हाताऱ्याला वाटलं आपलंच कमी पडलं, ते पुन्हा वाकले, आणखी खाली. त्यांना बघून इशिदो वाकला. विभागप्रमुखांची रांग वाकली. सगळं आवार आपापल्या जागी मान लववून उभं राहिलं. केवढा हा नम्र माणूस, असं एकेकाच्या तोंडावर दिसत होतं. कुणी हललं नाही. समोरचा उठेपर्यंत आपण आधी कसं उठायचं?

"अरे, पडतोय तो," दारातून तोयोमी ओरडली. "धरा त्याला."

कुणी धरलं नाही. खानावळीतली बाई समारंभात ओरडते हेच लोकांना आधी कळलं. मग कुगा तसाच, वाकलेल्या आकारात, बाजूला कलंडला. तोयोमी स्वयंपाकाच्या रबरी बुटांनी बर्फातून धावली. त्याच्या श्वासाला कुजत चाललेल्या फळाचा वास होता. प्रशस्तिपत्र त्यानं सोडलं नव्हतं. ते बोटांतून सोडवायला दोघं लागले.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, साखर आठशेच्या वर, रक्तात विष झालंय, आज रात्र काढली तर बघू. बायको ओकायामाहून निघाली होती, पोचायला संध्याकाळ होणार. त्याचं विम्याचं कार्ड आणि कपडे आणायला तोयोमीच वसतिगृहात गेली. खोली जेमतेम सहा चटया मावतील एवढी. कोपऱ्यात सरबताचे रिकामे डबे, धुऊन, पिशवीत नीट भरून ठेवलेले; मोजवले नाहीत तिला. आणि टेबलासमोर भिंतीवर, जिथं बसल्या बसल्या दिसेल तिथं, तपासणीचा तो कागद टाचणीनं लावलेला.

फूल मोठं होतं. पाच पाकळ्यांचं, लालभडक, कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठसठशीत. कंबर: एकाहत्तर. तेवढं वर सुटं आणि स्वच्छ वाचता येत होतं. तोयोमीनं कागद काढून खिडकीशी उजेडात धरला. पाकळ्यांच्या आत काही छापलेलं होतं, तेही लाल शाईत. रक्तातली साखर: तीनशे बारा. त्याच्या खाली, देठाच्या गिरकीत एक ओळ: त्वरित डॉक्टरांना भेटावे.

दीड महिना तो माणूस त्या कागदासमोर बसून पाणी पीत होता.

तिला रडू आलं नाही. तिनं कागदाची घडी घातली, आतल्या खिशात ठेवली, आणि जिना उतरताना कठड्यावर अशी लाथ मारली की खालून पहारेकरी बाहेर आला. "काही नाही," ती म्हणाली, "माझं मला चाललंय."

कुगानं ती रात्र काढली. चौथ्या दिवशी त्यानं डोळे नीट उघडले. बायको पाच दिवस थांबली आणि सासूकडं बघायला कुणीतरी लावून परत येते म्हणून गेली. तेव्हापासून तोयोमी खानावळीची संध्याकाळची पाळी भांडी घासणाऱ्या साएच्या गळ्यात टाकून सहाच्या जेवणाला इस्पितळात यायची. डॉक्टर म्हणाले होते, आयुष्यभर सुई घ्यावी लागेल, पण जगेल. मात्र अंगावर मांस चढायला हवं, किमान दहा किलो, आणि लवकर. जेवणाआधी नर्स पोटात सुई टोचायची आणि दरवेळी बजावायची: सुई दिली की अर्ध्या तासात ताट संपलंच पाहिजे, नाहीतर साखर उलटी खाली जाईल आणि मग पुन्हा धावपळ.

त्या दिवशी नर्स सुई देऊन गेली आणि दारात इशिदो आला. हातात फळांची परडी, मधोमध खरबूज. साखरेच्या माणसाला खरबूज. तोयोमीनं ती परडी घेतली आणि पलंगाखाली पायानं सरकवली. मग खिशातला कागद काढून त्याच्यासमोर धरला.

"वाचा. फुलाच्या आतलं वाचा."

इशिदोनं वाचलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो वाकला, अगदी खाली, आणि बराच वेळ तसा राहिला.

"मी फक्त कंबरेचा रकाना बघत होतो," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "दोनशे चाळीस कागद होते. शिक्का जिथं जागा दिसेल तिथं... माझी चूक आहे. कुगासान, मला क्षमा करा."

"नाही, नाही, मीच नीट वाचायला हवं होतं," कुगा उशीवरून मान उचलत म्हणाला. "तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं."

तोयोमीला क्षणभर वाटलं, चला, माणूस आहे हा. एवढं वाटेपर्यंत इशिदो उभा राहिला आणि त्यानं बॅगेतून टेप काढली.

"कुगासानचं फेब्रुवारीचं माप राहिलंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "न मोजलेला माणूस तक्त्यावर दंडात धरतात. एकच मिनिट."

आणि कुगा उठून बसला. सुयांच्या नळ्या सांभाळत त्यानं झग्याची नाडी सोडली आणि स्वतःच तो वर धरला. आत फासळ्या आणि सुयांचे निळे डाग. इशिदोनं टेप लावली. "चौसष्ट," तो म्हणाला, आणि सवयीनं पुढं म्हणाला, "छान." मग त्याचे कान लाल झाले. पण आकडा त्यानं लिहिला.

तोयोमी इशिदोवर चिडली होती, आणि झगा वर धरून बसलेल्या त्या गरीब गाईवर त्याहून जास्त.

"वजन वाढणार असं डॉक्टर म्हणतात ना?" इशिदो टेप गुंडाळत म्हणाला. "वाढलंच पाहिजे. तब्येत महत्त्वाची. फक्त, मार्चअखेर शेवटचं माप आहे. तपासणी विभाग अगदी सीमेवर आहे, आणि प्रशस्तिपत्राची बातमी विमा मंडळाच्या पत्रकात छापून आलीय. म्हणून... शक्य असेल तर ते वजन एप्रिलपासून वाढवता आलं तर?"

मग कुगानं झगा खाली केला. समोर ताट होतं, भाताच्या वाडग्यावरचं झाकण त्यानं नुकतंच काढलं होतं. त्यानं ते झाकण उचललं आणि परत वाडग्यावर ठेवलं. जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या.

"मी सांभाळतो," तो म्हणाला. "विभागाला माझ्यामुळं त्रास नको."

भिंतीवरचं घड्याळ सहा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. सुई दिली होती सहा वाजून पाचला.

तोयोमी उठली. कोपऱ्यातली खुर्ची तिनं उचलली, पलंग आणि इशिदो यांच्या मधोमध आणून ठेवली, आणि इशिदोकडं पाठ करून तीत बसली. कोटाची बटणं काढली आणि दोन्ही पल्ले दोन बाजूंना पसरवले. मग भातावरचं झाकण काढून लांब खिडकीत ठेवलं.

"आता त्यांना तुम्ही दिसत नाही," ती कुगाला म्हणाली. "खा."

कुगानं तिच्या खांद्यावरून पलीकडं बघायचा प्रयत्न केला.

"तिकडं काही नाही बघण्यासारखं. खा म्हणते ना."

त्यानं काड्या उचलल्या. पहिला घास त्यानं तोंडात घातला आणि चघळत राहिला, गिळायला परवानगी मागत असल्यासारखा. मग गिळला. मग दुसरा घेतला.

"मुरोईसान," मागून इशिदोचा आवाज आला, "मला कुगासानशी जरा..."

"बोला तिथून. ऐकू जातंय त्यांना."

इशिदो डावीकडं सरकला. तोयोमीनं खुर्ची डावीकडं ओढली. तो उजवीकडं आला, तशी तीही आली. शेवटी तो थांबला.

"आपण किती वेळ बसणार आहात?" त्यानं अदबीनं विचारलं.

तोयोमीनं मासा सोलून काटे बाजूला काढले आणि ताट कुगापुढं ढकललं.

"एप्रिल लागेपर्यंत," ती म्हणाली.